अल्कलॉइड डीएनएला चिकटल्यावर एन्ट्रॉपी वाढते कशी?

तुम्ही विचारलंय की आयटीसीमध्ये (एक द्रावण सिरिंजमधून दुसऱ्यात थोडंथोडं सोडून बंधनाची उष्णता मोजणारं कॅलरीमीटर) बर्बेरिन हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतलं नायट्रोजनयुक्त संयुग, आणि डीएनए जोडले गेले, म्हणजे दोन मोकळ्या गोष्टींची एक झाली, तरी एन्ट्रॉपी (विस्कळीतपणाचं माप) वाढलेली दिसते, तर यंत्र बिघडलंय का? यंत्र ठीक असावं. तुम्ही हिशेब दोघांचाच केलाय. भोवतालचं पाणी आणि सोडियम त्यात धरलेलं नाही.

डीएनएच्या प्रत्येक फॉस्फेटवर ऋणप्रभार असतो, त्यामुळे सोडियमचे आयन त्याच्या अंगालगत दाटीनं असतात. दारुहळदीतलं बर्बेरिन कायम धनप्रभारित. ते येऊन बसलं की तिथले आयन सुटून बाहेरच्या पातळ द्रावणात पसरतात, आणि एन्ट्रॉपी मिळते ती इथे. साहजिकच बाहेर मीठ जितकं कमी, तितकी ही कमाई मोठी. बंधन स्थिरांकाचा (बंधन किती घट्ट आहे याचा आकडा) लॉग आणि सोडियमच्या संहतीचा लॉग यांचा आलेख काढा. एकच धनप्रभार असलेल्या रेणूसाठी त्याचा उतार उणे 0.88 च्या आसपास अपेक्षित असतो. इंटरकॅलेशनमुळे (सपाट रेणू बेस जोड्यांच्या मध्ये शिरल्यामुळे) डीएनए लांबतो, म्हणून त्यात थोडी भर पडते. आता आकडे घालून बघा. बंधन स्थिरांक 1 लाख प्रति मोलर धरला, तर 25 अंशांना मुक्त ऊर्जा (उष्णता आणि एन्ट्रॉपी मिळून बंधनाला किती बळ देतात त्याचं माप) सुमारे उणे 28.5 किलोज्यूल प्रति मोल येते. 10 मिलिमोलर सोडियममध्ये त्यातले साधारण 10 किलोज्यूल निव्वळ आयन सुटल्याचे असतात. 100 मिलिमोलरला हा वाटा निम्म्यावर येतो.

दुसरा भाग पाण्याचा. अल्कलॉइडची सपाट वलयं बेस जोड्यांमध्ये शिरताना त्यांच्याभोवतीचं पाणी मोकळं होतं. याची खूण म्हणजे उष्माधारकतेतला बदल (तापमानागणिक बंधनाची उष्णता किती बदलते ते) ऋण येतो. तापमान वाढवत नेलं की एन्थाल्पी (बंधनाची उष्णता) अधिकाधिक ऋण होते, एन्ट्रॉपीचा वाटा घटतो आणि मुक्त ऊर्जा जवळजवळ तिथेच राहते. म्हणून एका तापमानाला, एका बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) प्रयोग करून ‘ही क्रिया एन्ट्रॉपीवर चालते’ असा शिक्का मारणारे निबंध मी जरा जपूनच वाचतो. आणि एन्थाल्पी ऋण आली म्हणजे इंटरकॅलेशन सिद्ध झालं, असंही नाही. रेणू कुठे आणि कसा बसला हे कॅलरीमीटर सांगत नाही. त्यासाठी विष्यंदिता (द्रावणाचा दाटपणा) मोजा, इंटरकॅलेशननं डीएनए लांबला की ती वाढते. शास्त्रज्ञ लर्मन यांनी 1961 साली इंटरकॅलेशनची कल्पना मांडली, तेव्हाही विष्यंदितेच्या मोजमापाचा आधार होताच.

पुढे सँग्विनारिन करणार असाल, तर एक सापळा आहे. हे पिवळ्या धोत्र्याच्या बियांतलं अल्कलॉइड. मोहरीच्या तेलात धोत्र्याच्या तेलाची भेसळ होऊन 1998 साली दिल्लीत जलशोफाची (अंगावर सूज येण्याच्या रोगाची) साथ आली होती, त्यामागे हेच मुख्य विष मानतात. आम्लधर्मी द्रावणात ते सपाट, धनप्रभारित इमिनियम रूपात असतं आणि डीएनएला घट्ट बसतं. आम्लारिधर्मी द्रावणात हायड्रॉक्सिल जोडला जाऊन प्रभार आणि सपाटपणा दोन्ही जातात, मग ते डीएनएला बसतच नाही. पीएच 7.4 ला दोन्ही रूपं एकत्र असतात. डीएनए प्रभारित रूप ओढून घेतो, म्हणून उरलेलं रूप बफरमधून प्रोटॉन घेऊन बदलत राहतं, आणि बफरची ही उष्णता तुमच्या एन्थाल्पीत मिसळते. ट्रिस या बफरचा प्रोटॉन सुटायला प्रति मोल सुमारे 47 किलोज्यूल लागतात, फॉस्फेट बफरला 4 च्या आसपास. प्रयोग नेमका त्याच पीएचला हवा असेल, तर तो दोन्ही बफरमध्ये करा. उत्तरं वेगळी आली तर तो फरक प्रोटॉनचा आहे, बंधनाचा नाही. त्याच पीएचची सक्ती नसेल तर सरळ पीएच 5 च्या जवळ जा.

कोलकात्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल बायॉलॉजीमध्ये या अल्कलॉइडांवर बरंच काम झालंय, तुमचे आकडे त्यांच्याशी ताडून बघा. फक्त आधी मिठाची संहती तीच आहे ना हे पाहा. आणि सिरिंजमधलं अल्कलॉइड नुसत्या बफरमध्ये सोडून पातळ होण्याची उष्णता वजा केलीत ना? हे रेणू दाट द्रावणात एकमेकांवर थर लावून बसतात, ते सुटतानाची उष्णताही आलेखात येते.