स्टोनीहर्स्ट ही इंग्लंडची कॅथलिक शाळा आजच्या फ्रान्समध्ये का सुरू झाली? या शाळेत मुलं राहत कशी?

कारण कायदा. एलिझाबेथ राणीच्या काळात इंग्लंडात मुलांना कॅथलिक शिक्षण देणं हाच गुन्हा होता. म्हणून जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) फादर रॉबर्ट पर्सन्स यांनी 1593 मध्ये समुद्रापलीकडे सेंत ओमेर इथे शाळा काढली. मुलं चोरून तिथे पाठवली जात. (मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारे आपले फादर स्टीफन्स यांनाही जेझुइट होण्यासाठी इंग्लंड सोडावं लागलं होतं.) पुढे शाळा ब्रुज, लिएज आणि शेवटी 1794 मध्ये इंग्लंडातल्या लँकेशायरला गेली. माजी विद्यार्थी थॉमस वेल्ड यांनी तिथली आपली स्टोनीहर्स्ट ही हवेली दिली.

राहणी कडक होती. 1870 च्या सुमारास तिथे शिकलेल्या, शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉइलने लिहून ठेवलंय: न्याहारीला कोरडा पाव आणि पाणी घातलेलं गरम दूध. शिक्षा रबरी पट्ट्याची, मोठ्या मुलांना सहसा दोन्ही हातांवर नऊ-नऊ फटके. हात इतके सुजत की खोलीबाहेर पडताना दाराची मूठ फिरवता येत नसे. मुलांना असं मारणं तेव्हाही क्रूरच होतं, असं मला ठामपणे वाटतं.

प्रत्येक निबंधाच्या माथ्यावर मात्र ‘ए.एम.डी.जी.’ ही लॅटिन आद्याक्षरं, म्हणजे ‘देवाच्या अधिक गौरवासाठी’, लिहायची प्रथा होती.