गिझरच्या पाण्यावर खोली गरम होईल का? हिवाळ्यातली प्रश्नोत्तरे

थंडी पडली की गिझरचे प्रश्न सुरू होतात, पण या वेळी बऱ्याच जणांनी एकच विचारलंय की अंघोळीच्या त्याच पाण्यावर घर पण गरम करता येतं का. त्यातले काही प्रश्न घेतोय.

प्रश्न (परभणी): लेक अमेरिकेत राहतो, तिकडं एकाच वॉटर हीटरवर अंघोळ पण होते आणि घर पण गरम राहतं. आमच्याकडं २५ लिटरचा गिझर आहे, त्याचं पाणी पाइपानं खोलीत फिरवलं तर?

काका, आधी हिशोब बघू. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला साधारण सव्वा युनिट लागतं. खोलीत फिरवून ते ३५ पर्यंत उतरलं की पुढं त्याची ऊब काही जाणवत नाही, म्हणजे खोलीला मिळालं पाऊण युनिटपेक्षा थोडं कमीच. आता दहा बाय बाराची खोली, वर उघडा स्लॅब, दोन भिंती बाहेरच्या, आणि परभणीचा पारा कधीकधी पाच-सहावर येतो ते तुम्हाला मी काय सांगू. अशा रात्री खोली २० अंशांवर ठेवायची तर दर तासाला एक-सव्वा युनिट उष्णता भिंती-स्लॅबमधून बाहेर जाते. म्हणजे भरलेली टाकी पाऊण तास पण पुरत नाही, आणि सकाळी अंघोळीला गार पाणी!

गिझर रात्रभर चालू ठेवला तर २ किलोवॅटची कॉइल एका खोलीला पुरेल, नाही असं नाही, पण आठ तासांत आठ-दहा युनिट जातील. आणि खरी गोष्ट अशी की कॉइल गिझरमधली असो नाहीतर ऑइल हीटरमधली, एका युनिटची उष्णता एका युनिटएवढीच मिळते, मग मधे पाइप, पंप, गळती एवढा खटाटोप कशाला? तिकडं हे जमतं कारण तिथल्या गॅस हीटरची टाकी दीडशे-दोनशे लिटरची असते, बर्नर १० किलोवॅटच्या पुढचा, आणि मुख्य म्हणजे भिंतीत इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, आणि खिडकीला दुहेरी काच. तुम्ही आधी दाराखालची फट बुजवा, खिडकीला जाड पडदा लावा आणि जमलं तर स्लॅबवर इन्सुलेशनचा थर टाका, उन्हाळ्यात पण त्याचा लई फायदा होतो.

प्रश्न (उदगीर): नवीन बांधकाम चालू आहे. फरशीखाली पाइप टाकून सोलरचं गरम पाणी फिरवायचा विचार आहे. प्लंबर म्हणतोय सोलरच्याच लाइनला जोडून देतो.

थेट जोडू देऊ नका, हे मी हात जोडून सांगतोय. फरशीखालची लाइन आपल्याकडं वर्षात जेमतेम दोन महिने वापरात राहणार, बाकीचे दहा महिने त्यात पाणी साचून कोमट होत राहणार, आणि २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढतात. तेच पाणी पुढं शॉवरला आलं तर तुषारांबरोबर छातीत जातं, त्यातून न्यूमोनिया होतो. म्हाताऱ्या माणसांना तर जास्तच धोका. त्यामुळं फरशीचं पाणी वेगळं आणि अंघोळीचं वेगळं, मधे हीट एक्स्चेंजर, म्हणजे उष्णता इकडून तिकडं जाते पण पाणी पाण्याला लागत नाही. फरशीच्या लाइनला स्वतःचा छोटा पंप, एक्स्पान्शन टाकी (गरम होऊन फुगलेलं पाणी सामावून घेणारी) आणि सेफ्टी वॉल्व्ह पाहिजेच.

दुसरा फायदा क्षारांचा. बोअरचं पाणी जड असेल तर गरम झालं की पांढरा थर बसतो, कॉइल लवकर जाते. बंद लाइनमध्ये तेच ते पाणी फिरतं म्हणून नवीन क्षार येत नाहीत. फरशीला ३५ ते ४५ अंशांचं पाणी बास होतं, पाइपाखाली इन्सुलेशन मात्र टाकाच, नाहीतर निम्मी ऊब जमिनीत. शहाबादी फरशी असली तर उत्तम, दगड ऊब धरून ठेवतो. पण सोलरवर सगळी मदार ठेवू नका. १०० लिटरच्या टाकीतून खोलीला तीनेक युनिट मिळतात, आणि ढगाळ दिवशी ते पण नाही. बजेट असेल तर हीट पंप बघा, तो कॉइलसारखी उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून पाण्याला देतो, म्हणून एका युनिटात तीनेक युनिट उष्णता मिळते, दोन्ही कामं एका मशीनवर करायची तर तेच खरं मशीन.

प्रश्न (अंबाजोगाई): गॅस गिझर बाथरूममध्ये आहे. चालू ठेवून दार उघडं टाकलं की शेजारची खोली गरम होते. चालेल का?

नाही. ताई, आजच बंद करा. गॅस गिझर हवेतला ऑक्सिजन खातो आणि हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. गिझर घराबाहेर, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला घ्या. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवणाऱ्यांना पण हेच सांगणं.

प्रश्न (धाराशिव जिल्हा): जुनं माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) घर आहे, वर २०० लिटरचा सोलर बसवावा म्हणतो.

नुसतं पाणीच २०० किलो, त्यात स्टँड आणि नळ्या. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात जड माळवदं आणि दगडी भिंतींखालीच माणसं गेली, आणखी वजन चढवू नका. अंगणात दक्षिणेला तोंड करून लोखंडी स्टँडवर बसवा, गार पाण्याची टाकी त्याच्यापेक्षा उंच ठेवा. खोली गरम करायची तुम्हाला गरजच पडणार नाही, जाड मातीचं घर दिवसाची ऊब रात्रीपर्यंत धरतं.

प्रश्न (जालना): आईचं वय ८० च्या पुढं, रात्रभर हिव वाजतं. गिझरवरून काही करता येईल का?

येईल की, आणि खर्च जवळजवळ नाही. रबरी पिशवीत दोन लिटर गरम पाणी भरा, अगदी उकळतं नको, हवा काढून झाकण घट्ट करा, टॉवेलात गुंडाळून झोपायच्या अर्धा तास आधी अंथरुणात ठेवा. खोलीऐवजी माणूस गरम करायचा. आईला शुगर असेल आणि पायाला चटका कळत नसेल तर झोपताना पिशवी काढून घ्या, रात्रभर पायाशी ठेवू नका, कातडी भाजली तरी त्यांना समजणार नाही.