दुबईत पहिले दोन महिने चूल नसेल, तर बाहेर जेवून कसं निभावायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुलैत रुजू व्हायचंय, राहायला बरदुबईत बेड स्पेस, म्हणजे सामायिक खोलीतला एक पलंग, तेव्हा स्वयंपाकाची सोय नाही, तुम्हाला मांसाहार चालतो पण गोमांस नको, सोबतचा सहकारी पूर्ण शाकाहारी, आणि रोज बाहेर खाणं खिशाला आणि पोटाला झेपेल का?

झेपेल. फक्त एक गोष्ट आधी समजून घ्या. दुबईत बिल पदार्थावर ठरत नाही, दारावर ठरतं. तीच डाळ-रोटी करामा या जुन्या वस्तीतल्या इमारतीच्या तळमजल्यावर पंधरा दिरहॅमला मिळते, मॉलमध्ये पस्तीसला आणि तारांकित हॉटेलात साठ-सत्तरला. चवीत तेवढा फरक नसतो. उलट डाळ बहुतेकदा तळमजल्यावरचीच बरी असते.

सकाळपासून सुरू करू. मल्याळी लोकांच्या छोट्या टपरीवजा दुकानांना तिथे 'कॅफेटेरिया' म्हणतात, आणि ती गल्लीगल्लीत आहेत. तिथला 'करक' म्हणजे आपला कडक चहाच: दुधात उकळलेला, वेलची घातलेला, एक ते दोन दिरहॅमचा. साखर आधीच घातलेली असते आणि भरपूर असते, म्हणून 'विदाउट शुगर' हे चहा ओतायच्या आधी सांगा, नंतर काही होत नाही. सोबत पराठ्यात अंडं, चीज आणि वर चुरलेले 'ओमान चिप्स' घालून केलेला रोल घ्या. तीन ते सहा दिरहॅमात पोट भरतं. हे खाणं मैद्याचं आणि तेलकट आहे. रोज खाल्लंत तर महिन्याभरात पोट तक्रार करेल, म्हणून आठवड्यातले दोन-तीन दिवस इडली किंवा अरबी बेकरीतलं 'मनाकीश' घ्या. मनाकीश म्हणजे भट्टीतली जाडसर रोटी. तिच्यावर झातर, म्हणजे रानओव्याच्या जातीचा सुका पाला, तीळ आणि ऑलिव्ह तेल असतं, किंवा चीज.

दुपारचं जेवण हा उन्हाळ्यातला खरा अडथळा आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला तिथे कायद्यानं बंदी आहे, यावरून काय ते ओळखा. नकाशावर 'हॉटेल ७०० मीटर' दिसलं की आपल्याला दहा मिनिटांची रपेट वाटते. जुलैत दुपारी ते अंतर चालून गेलात तर जेवायची इच्छाच उरत नाही, आणि घामेजलेल्या अंगानं वीस-एकवीस डिग्रीच्या एसीत तासभर बसलात की संध्याकाळी डोकं धरतं. म्हणून दुपारी कचेरीच्याच इमारतीत, मेट्रो स्टेशनला जोडलेल्या वातानुकूलित पुलावरून पोचता येईल तिथे, किंवा डब्यातून जेवा. बॅगेत पातळ शाल किंवा जॅकेट ठेवा. हसू येईल, पण वाळवंटातल्या या शहरात उन्हाळ्यात थंडी वाजते ती आतमध्ये.

डब्यासाठी करामा आणि मीना बाजार भागात महिन्याच्या बोलीवर मेस आणि टिफिन देणारे बरेच आहेत. पूर्ण महिन्याचे पैसे आधी देऊ नका. आठ दिवसांच्या बोलीवर सुरू करा आणि तीन गोष्टी विचारा: डबा किती वाजता निघतो, सुट्टीच्या दिवशी येतो का, आणि न घेतलेल्या डब्याचे पैसे वळते होतात का. पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. साडेनऊला भरलेला डबा दुचाकीच्या पेटीत फिरून साडेबाराला पोचत असेल, तर जुलैत त्यातला भात धोक्याचा. बाहेरचं तापमान ३२ अंशांच्या वर गेलं की शिजवलेलं अन्न तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नये, असा साधा नियम आहे. भातातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवण्यानं मरत नाहीत. कोमट भातात ते झपाट्यानं वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. वासावरून ते कळतंच असं नाही. हॉटेलातून पार्सल घेतलं तरी तेच: उभ्या गाडीत ठेवून खरेदीला जायचं नाही. मेयोनीज घातलेला शावर्मा तर पार्सल घेऊच नका, तिथेच उभ्यानं खा.

आता तुमच्या गोमांसाच्या अटीबद्दल. 'मीट' हा शब्द तिथे फसवा आहे. चिकन शावर्मा निर्धास्त घ्या, पण 'मीट शावर्मा' बीफचा, मेंढीचा किंवा दोन्ही मिसळलेला असू शकतो. पिझ्झावरचं पेपरोनी, नाश्त्यातलं सॉसेज आणि बेकन बहुधा बीफचं. मेन्यूत 'व्हील' दिसलं तर ते वासराचं मांस. निहारी आणि कीमा यांच्याबद्दल प्रत्येक ठिकाणी वेगळं विचारा. विचारताना 'बीफ आहे का?' असं नको, 'हे मटण आहे की बीफ?' असं विचारा, कारण पहिल्या प्रश्नाला घाईतला वेटर काहीही उत्तर देतो. केरळी हॉटेलांत बीफ फ्राय उघडपणे मेन्यूवर असतो आणि तवा एकच असू शकतो. ते चालत नसेल तर तिथे फक्त चहा घ्या.

सहकाऱ्याचं प्रकरण जास्त नाजूक आहे. हॉटेलांच्या मेन्यूवर आपल्याकडच्यासारखा हिरवा ठिपका असेलच असं नाही, आणि 'व्हेजिटेरियन' म्हणजे 'मांसाचा तुकडा नाही' एवढाच अर्थ पुष्कळ ठिकाणी घेतला जातो. मसुराचं सूप चिकनच्या पाण्यात केलेलं असू शकतं. मंदी हा येमेनी मांस-भाताचा पदार्थ; त्यातला भात मांसाच्या खालीच शिजतो आणि वरून ठिबकणारा रस त्यात मुरतो, तोच त्या पदार्थाचा मुद्दा. तेव्हा 'मांस काढून नुसता भात द्या' याला अर्थ नाही. फ्राइज आणि चिकन एकाच तेलात तळलेले असू शकतात. जेलीच्या गोड पदार्थांतलं जिलेटिन हलाल असतं, शाकाहारी असेलच असं नाही.

याउलट लेबनीज हॉटेलातल्या मेझ्यात, म्हणजे छोट्या छोट्या बशांतल्या पदार्थांत, शाकाहाऱ्याचं उत्तम भागतं. हम्मस, फलाफल आणि तब्बूले, फत्तूश ही सॅलड तर आहेतच. मुतब्बल म्हणजे भाजलेल्या वांग्याचं भरीत, त्यात कांद्याऐवजी तिळाची पेस्ट. लबने म्हणजे आपला चक्काच, वर ऑलिव्ह तेल. लेबनीज मुसक्का वांगी आणि चण्यांचा असतो, ग्रीक प्रकारासारखा खिम्याचा नव्हे. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या मात्र विचारून घ्या, कारण त्या भाताच्याही असतात आणि खिम्याच्याही. किब्बे टाळा, तो बहुधा मांसाचाच. शंकाच नको असेल तर करामा-बरदुबईत सर्वणा भवन, पुरणमल, बिकानेरवाला अशी पूर्ण शाकाहारी हॉटेलं आहेत. थाळी साधारण वीस ते तीस दिरहॅम.

रात्रीचं जेवण उशिरा ठेवा. नऊनंतर हे जुने भाग जागे होतात आणि बरीच हॉटेलं मध्यरात्रीपर्यंत चालतात. हवा थंड झालेली नसते, फक्त ऊन गेलेलं असतं. दमट इतकी की एसीतून बाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर धुकं बसतं. समुद्रकाठच्या बाहेरच्या टेबलांचे फोटो पाहून जुलैत जागा राखू नका, ती मजा नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंतची.

कुठे जायचं? सतवा भागातलं 'रावी' हे पाकिस्तानी हॉटेल १९७८ पासून आहे. डाळ, चिकन, तंदुरी रोटी, साधं टेबल. २०२२ साली आदिदासनं या हॉटेलाच्या नावाचा बूट काढला, तरी टेबल साधंच राहिलं. बरदुबईतलं 'अल उस्ताद' हे इराणी कबाबचं ठिकाणही १९७८ चंच. दह्यात मुरवलेला कबाब आणि भात मागवा, तिखटाची अपेक्षा ठेवू नका. मंदीच्या दुकानात एकट्यासाठी 'क्वार्टर' चिकन पुरतं. भाताचा डोंगर येतो आणि 'हाफ' मागवलं की निम्मं वाया जातं. क्रीक म्हणजे खाडी ओलांडून देरा भागात जायचं तर टॅक्सी कशाला, अब्रा नावाची लाकडी होडी एका दिरहॅमात पलीकडे सोडते.

पाण्याचा खर्च नवख्यांना दिसत नाही. वेटर 'वॉटर, सर?' विचारतो, आपण मान डोलावतो आणि परदेशी बाटली उघडली जाते. 'लोकल, स्मॉल' असं म्हणायचं. मसाफी, अल ऐन, माय दुबई ही तिथलीच पाणी आहेत. खोलीवर प्यायला बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानातून मोठ्या बाटल्या मागवा. घामातून मीठही जातं, तेव्हा दुपारी थंड पेयाच्या डब्यापेक्षा 'लबन' घ्या. ते आपल्या ताकाच्या जवळचं असतं, फक्त फोडणी नसलेलं.

हॉटेलांच्या मोठ्या बिलाबद्दल. पाच टक्के व्हॅट १ जानेवारी २०१८ पासून आहे आणि तो मेन्यूतल्या किमतीत धरलेला असायला हवा. तारांकित हॉटेलातल्या उपाहारगृहांत त्याशिवाय साधारण दहा टक्के सेवा आकार आणि सात टक्के नगरपालिकेचा आकार असतो. मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरात हे 'धरून' लिहिलंय की 'वेगळं' ते आधी वाचा. सगळंच वेगळं असेल तर शंभराचे १२२-१२३ होतात. सेवा आकार वेटरच्या हातात पडतोच असं नाही. मन असेल तर रोख पाच-दहा दिरहॅम त्याच्या हातात द्या. कॅफेटेरियात टीप कुणी मागत नाही.

मद्य परवानाधारक ठिकाणीच मिळतं, मुख्यतः तारांकित हॉटेलांत. वयाची अट २१ वर्षं. पिऊन गाडी चालवण्याला अजिबात सवलत नाही, 'एकच घेतली होती' हे चालत नाही. शेजारच्या शारजात मद्य नाहीच. 'फ्रायडे ब्रंच', म्हणजे तारांकित हॉटेलातलं सुट्टीच्या दुपारचं लांबलचक बुफे जेवण, हे नाव अजून ऐकू येईल, पण जानेवारी २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवारवर गेल्यामुळे बरेच ब्रंच शनिवारी असतात. दुपारी तीन-चार तास, माणशी दोनशे दिरहॅमपासून वर कितीही. मद्याशिवायचं पॅकेज बरंच स्वस्त असतं. उन्हाळ्यात गिऱ्हाईक कमी म्हणून हॉटेलं दर उतरवतात, तेव्हा हौस असेल तर जुलै-ऑगस्टमध्येच भागवून घ्या. 'एकावर एक मोफत'वाली ॲप पहिल्या दोन महिन्यांत विकत घेऊ नका. ती महाग ठिकाणांचा खर्च निम्मा करतात, पण त्या ठिकाणी तुम्ही एरवी गेलाच नसता.

घरपोच जेवणासाठी झोमॅटो तिथे २०२२ पासून बंद आहे. तलाबात, डिलिव्हरू, करीम, नून ही नावं लक्षात ठेवा. मात्र ॲपवरचे दर पुष्कळदा दुकानातल्यापेक्षा जास्त असतात आणि वर पोचवण्याचा आकार. गल्लीतल्या कॅफेटेरियाचा व्हॉट्सॲप नंबर घ्या, जवळच्या जवळ ते बहुधा तसंच आणून देतात. एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथलं ओळखपत्र, येऊन बँक खातं उघडेपर्यंत सुटे पैसे जवळ ठेवा. हिशेब, बाकी, खलास हे शब्द तिथेही त्याच अर्थानं चालतात, तेवढी भाषा तुम्हाला आधीच येते.

एकूण आकडा: नाश्ता सात, दुपार वीस, रात्र वीस, दोन चहा तीन. म्हणजे दिवसाला पन्नास, महिन्याला दीड हजार दिरहॅम. त्यात आठवड्याला एक बरं जेवण धरलं तर दोन हजारांच्या आसपास. दर घासाला रुपयांत गुणाकार करू नका, उपाशी राहाल. फराळाची आठवण आली तर बरदुबई-करामात धनंजय दातारांच्या 'अल आदिल' दुकानांत आपल्याकडचे मसाले, लोणची, पिठं मिळतात. पुढे चूल मिळाली की तिथेच जावं लागेल.

दोन गोष्टी पैशांपलीकडच्या. मेट्रोत आणि स्टेशनात खाणं-पिणं, च्युइंगम धरून, मनाई आहे आणि दंड १०० दिरहॅम. आणि जेवण वाईट निघालं तर हॉटेलाच्या नावानं नेटवर शिव्या घालू नका, शेजारच्या टेबलावरच्यांचे फोटोही टाकू नका. बदनामी आणि खासगीपणा यांबाबतचे तिथले सायबर कायदे कडक आहेत. बिल नीट ठेवा आणि तक्रार मॅनेजरकडे किंवा नगरपालिकेकडे करा.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, २०२६ साली तो फेब्रुवारी-मार्चमध्ये आला. तेव्हा दिवसा हॉटेलं बंद असतील ही जुनी माहिती आहे. २०२१ पासून दुबईत हॉटेलांना जेवणारे दिसू नयेत म्हणून पडदे लावण्याची सक्तीही उरलेली नाही. रस्त्यात चालता चालता पाण्याची बाटली तोंडाला लावणं मात्र टाळा. मशिदींजवळच्या इफ्तारच्या पंगतीत कुणी 'बसा' म्हटलं तर खुशाल बसा, धर्म विचारत नाहीत. टॅक्सी हवी असेल तर सूर्यास्ताच्या तासभर आधी पकडा, सूर्यास्तानंतरचा अर्धा-पाऊण तास चालकही खजूर खायला थांबलेले असतात.