नोकरी सोडून डिजिटल नोमॅड व्हायचंय, पण राजीनामा आत्ताच नको

तुमचं पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात मामला असा की वय ३१, कंपनीत डिझाइनचं काम, ऑफिसला जायची सक्ती नाही, शिवाय संध्याकाळी एका क्लायंटचं फ्रीलान्स काम चालू आहे. आता विचार असा की पुढच्या महिन्यात राजीनामा द्यायचा, भाड्याचं घर सोडायचं आणि वर्षभर डिजिटल नोमॅड होऊन, म्हणजे लॅपटॉपवर काम करत वेगवेगळ्या देशांत फिरत, त्या क्लायंटच्या जीवावर राहायचं, कमी पडलं तर बचत आहे आणि अगदीच अडलं तर रिटायरमेंटचा फंड मोडायचा. विचारलंय की जमेल का.

या पद्धतीने नाही जमणार. पण फिरायचं जमेल, फक्त क्रम बदलावा लागेल.

आधी हिशोब करू. तुमचा आत्ताचा महिन्याचा खर्च मी १०० धरते, म्हणजे चलनाचा घोळ नको. त्या मापाने पगार हातात १६०, क्लायंटकडून ४५, बचत ९००, आणि १०० च्या खर्चातच भाडं ३५ आणि गाडीच्या लोनचा हप्ता १८. तुम्ही धरलंय की स्वस्त देशात ९० मध्ये भागेल, म्हणजे दरमहा खड्डा ४५ चा, आणि ९०० भागिले ४५ म्हणजे २० महिने. कागदावर छान दिसतं.

आता माझा अंदाज बघा. दर दोन-तीन आठवड्यांनी जागा बदलायची तुमची आयडिया आहे, त्या मुदतीचं फर्निश्ड घर कुठेही महाग पडतं कारण तुम्ही भाडेकरू नसता, टुरिस्ट असता, आणि दर टुरिस्टचाच लागतो. घर ६५ धरा. जेवणखाण आणि इकडचं तिकडचं ४५, विमान-बस-व्हिसा मिळून महिन्याला २०, इन्शुरन्स ८, कोवर्किंगची जागा (कामाला बसायचं भाड्याचं टेबल), सिम, घरचं सामान ठेवायचं भाडं वगैरे १०, आणि हप्ता १८ तर तुम्ही जगात कुठेही असा कापला जाणारच. झाले १६६. त्यातून क्लायंटचे ४५ वजा केले की खड्डा १२१ चा.

आणि ९०० पैकी सगळे वापरायला मिळत नाहीत हे तुम्ही धरलेलंच नाही. निघायच्या आधी तिकिटं, डिपॉझिट, व्हिसा फी, एक दुसरा लॅपटॉप (तो हवाच, स्क्रीन गेली की तुमचं दुकान बंद) यात १५० जातात. परत येऊन नवीन घर, त्याचं डिपॉझिट आणि नोकरी मिळेपर्यंतचे दोनेक महिने यासाठी २०० बाजूला, त्याला हात नाही. उरले ५५०. भागिले १२१, साडेचार महिने. तुम्ही २० म्हणताय.

माझे आकडे थोडे इकडे तिकडे होतील पण २० काही होणार नाहीत.

आता राजीनाम्याबद्दल. डिजिटल नोमॅड व्हिसे आता बऱ्याच देशांनी काढलेत, एस्टोनियाने २०२० मध्ये सुरू केला, क्रोएशियाने २०२१ पासून, पोर्तुगालचा डी८ २०२२ मध्ये आला, स्पेनचा २०२३ मध्ये, जपान आणि थायलंड २०२४ मध्ये. आणि यातले बहुतेक देश पहिल्यांदा उत्पन्नाचा पुरावा मागतात. पोर्तुगालला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न लागतं आणि मागच्या ३ महिन्यांची सरासरी बघतात. स्पेनला दुप्पट पुरतं पण ज्या कंपनीसाठी किंवा क्लायंटसाठी काम करताय तिच्याशी किमान ३ महिन्यांपासूनचं काम असल्याचं दाखवावं लागतं. एस्टोनिया मागच्या ६ महिन्यांचं उत्पन्न विचारतं. जपानला वर्षाला १ कोटी येन लागतात, तेही फक्त ६ महिने राहायला, पुढे वाढवून मिळत नाही. थायलंडच्या डीटीव्हीला (तिथला हाच व्हिसा) खात्यात ५ लाख बाह्त आणि रिमोट कामाचा पुरावा. (हे आकडे आणि कुठल्या पासपोर्टला परवानगी हे दोन्ही बदलत राहतात, अर्जाच्या दिवशी त्या देशाच्या दूतावासाची साईट बघा, यूट्यूबवाल्यांची नको.)

म्हणजे बघा, तुमच्याकडे आत्ता सगळ्यात भारी कागद कुठला असेल तर तो पगाराची स्लिप आहे आणि तुम्ही नेमकी तीच सोडून मग व्हिसाच्या रांगेत उभे राहणार. एका क्लायंटचे ४५ दाखवून यातल्या बऱ्याच ठिकाणी अर्जच बसणार नाही. मग लोक काय करतात तर टुरिस्ट व्हिसावर जातात आणि कॅफेत बसून काम करतात. कित्येक देशांत टुरिस्ट व्हिसावर रिमोट कामसुद्धा नियमात बसत नाही, सहसा कोणी पकडत नाही हे खरं, पण ‘सहसा’ वर वर्षभराचं प्लॅनिंग करू नये, आणि शेंगेन भागात (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) तर १८० दिवसांत ९० च दिवस मिळतात, २९ देशांचे मिळून, देश बदलला म्हणून मीटर शून्य होत नाही.

म्हणून पहिलं काम, मॅनेजरला नाही तर एचआरला लेखी विचारा की मी दुसऱ्या देशातून काम करू शकते/शकतो का, कुठल्या देशातून आणि वर्षातून किती दिवस. बऱ्याच कंपन्या वर्षाला काही आठवडे देतात आणि त्यापुढे नाही म्हणतात, त्यामागे खडूसपणा नसतो, तुम्ही परक्या देशात जास्त दिवस बसून काम केलंत की कंपनीवर तिथला टॅक्स, सोशल सिक्युरिटी असली लफडी येऊ शकतात. व्हीपीएन (इंटरनेटवर आपलं ठिकाण लपवणारं सॉफ्टवेअर) लावून घरीच आहे असं भासवायच्या फंदात पडू नका, लॉग निघतात, आणि तेव्हा नोकरीही जाते आणि अनुभवाचं पत्रही.

हो म्हणाले तर प्रश्नच मिटला, १६० अधिक ४५ म्हणजे २०५ येणार आणि १६६ जाणार, फिरताफिरता बचत वाढेल. थोडेच आठवडे दिले तरी ते घ्या आणि घर न सोडता एकाच ठिकाणी जाऊन बसा, रात्री अकराच्या मीटिंगनंतर सकाळी फिरायला जायची खरंच इच्छा होते का ते त्यात कळेल. नाही म्हणाले तर नोकरी चालू ठेवून दुसरा-तिसरा क्लायंट शोधा (नोकरीच्या करारात बाहेरचं काम चालतं ना, ते एकदा वाचा) आणि फ्रीलान्सचं उत्पन्न ४५ वरून ११० ला न्या. सलग ६ महिने ११० खात्यात आले की मग राजीनामा. ६ च का, तर तेवढे स्टेटमेंट असले की यातले बहुतेक अर्ज भरता येतात, आणि क्लायंट टिकतात का तेही दिसतं. एकच क्लायंट असणं म्हणजे नोकरीच आहे, फक्त नोटीस पीरियड नसलेली.

शिवाय जागा कमी बदला. एका ठिकाणी ३ महिने राहिलात तर महिन्याचं घर ६५ वरून ४५ वर येऊ शकतं आणि प्रवास २० वरून १० वर, एकूण १३६. त्यात ११० येत असतील तर खड्डा फक्त २६ चा, आणि तेच ५५० आता २१ महिने पुरतात. तुमचा २० चा आकडा येतोय की, फक्त वेगळ्या वाटेने.

टॅक्सबद्दल तुम्ही लिहिलंय की कुठेच १८३ दिवस राहणार नाही म्हणजे कुठेच टॅक्स नाही. हे सगळीकडे फिरणारं अर्धवट ज्ञान आहे. १८३ ही अनेक देशांतली एक कसोटी आहे, एकमेव नाही, घर, कुटुंब, मुख्य उत्पन्न कुठे हेही बघितलं जातं, आणि दुसरीकडे कुठेच रेसिडेंट, म्हणजे टॅक्ससाठी तिथले रहिवासी, झाला नाहीत तर मायदेश तुम्हाला आपलाच धरून बसण्याची शक्यता जास्त. अमेरिका तर नागरिक कुठेही राहो, टॅक्स लावते. थायलंडमध्ये कॅलेंडर वर्षात १८० दिवस झाले की टॅक्स रेसिडेंट, आणि २०२४ पासून तिथे आणलेलं परदेशी उत्पन्नही टॅक्सच्या कक्षेत येतं, आता गंमत अशी की डीटीव्हीवर एका वेळी राहायला मिळतात तेही १८० च दिवस. क्रोएशिया मात्र नोमॅड परवान्यावर बाहेरून येणाऱ्या कामाच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स घेत नाही. देश पक्का झाला की टॅक्स सल्लागाराची एक तासाची फी द्या, तिथे कंजूषी नको.

इन्शुरन्स कंपनीचा आहे म्हणालात, तो राजीनाम्याबरोबर जाणार. स्वतःची हेल्थ पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या कारण आधीच्या आजारांना वेटिंग पीरियड असतो. ट्रॅव्हल इन्शुरन्स ही वेगळी गोष्ट, तो अपघात-इमर्जन्सीसाठी, जुनं दुखणं त्यात बहुतेक वेळा बसत नाही.

आणि एक बारीक पण लोक हमखास अडकतात ते, बँकेचा ओटीपी. घरचं सिम रिचार्जअभावी बंद पडतं, क्लायंटचे पैसे खात्यात आलेले दिसतात, घरमालक दारात उभा असतो आणि ट्रान्सफर होत नाही. ते सिम चालू ठेवा, मेसेज परदेशात येतो का हे निघायच्या आधी बँकेला विचारा, दोन वेगळ्या बँकांची कार्डं दोन वेगळ्या बॅगांत ठेवा, आणि मशीनने विचारलं की तुमच्या चलनात कापू की इथल्या, तर इथल्याच म्हणा, नाहीतर रेट मशीनवाला ठरवतो.

रिटायरमेंट फंडाला हात लावायचा नाही, त्यावर चर्चाही नको.

राहता राहिलं गाडीचं लोन. १४ हप्ते बाकी म्हणजे साधारण २५० चा बोजा आहे, आणि वर्षभर गाडी उभीच राहणार असेल तर विकून लोन मिटवणं मला बरं वाटतंय, दरमहा १८ सुटतील ते वेगळेच. पण गाडीची आजची किंमत आणि मुदतीआधी लोन बंद केलं तर लागणारा चार्ज पत्रात नाहीये, ते दोन आकडे कळवा, मग त्यावर नक्की सांगते.