एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या लॉगमधून मुंबईच्या सकाळी १० ते ११ या वेळेतील स्टेटस ५०० च्या (सर्व्हरच्या अंतर्गत बिघाडाच्या) एरर कमांड लाइनवर कशा शोधाव्यात?
सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असेल, तर ॲक्सेस लॉगमधील चौथ्या रकान्यात ०४:३० ते ०५:२९ ही वेळ आणि नवव्या रकान्यात ५०० हा स्टेटस असलेल्या ओळी ऑक या रकान्यांनुसार मजकूर गाळणाऱ्या कमांडने निवडाव्यात, त्यांतील सातवा रकाना, म्हणजे मागितलेला पाथ, छापावा आणि तो पाइपने क्रम लावणाऱ्या सॉर्ट, सारख्या ओळी मोजणाऱ्या युनिक (वजा सी) व मोठा आकडा आधी आणण्यासाठी पुन्हा सॉर्ट (वजा आरएन) या कमांडना द्यावा. मुंबईची वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्याने इथला एक तास लॉगमध्ये दोन तासांत विभागला जातो. केवळ ०५ हा तास ग्रेप या शोध-कमांडने शोधल्यास पहिला अर्धा तास निसटतो आणि ११ ते ११:३० च्या नोंदी विनाकारण मिसळतात. पॅटर्नमध्ये तासाच्या आधी वर्षही अवश्य लिहावे, कारण नुसते ':०४:३' शोधले तर १२:०४:३५ ही भलत्याच वेळेची नोंदसुद्धा जुळते, आणि अशी चूक आकड्यांकडे पाहून सहसा लक्षात येत नाही. पहिला सॉर्ट वगळू नये. युनिक फक्त लागोपाठ आलेल्या सारख्या ओळी एकत्र मोजते. रकान्यांचे हे क्रमांक 'कंबाइन्ड' या प्रचलित स्वरूपाचे आहेत, त्यामुळे आपल्याकडे कॉन्फिगमध्ये स्वरूप बदललेले असल्यास ते लागू पडणार नाहीत. आधी हेड या फाइलीची सुरुवात दाखवणाऱ्या कमांडने एक ओळ पाहावी: पाचव्या रकान्यात +०००० ऐवजी +०५३० असेल, तर सरळ १० हाच तास शोधावा. रोटेट होऊन (जुन्या म्हणून बाजूला काढल्या जाऊन) जीझिपने संकुचित झालेल्या फाइलींसाठी सुरुवातीला झेडकॅट ही अशा फाइली वाचणारी कमांड वापरावी.