स्टिकरवरचे पंधरा दिवस

प्रश्न : मी डिचोलीची निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ६८. सून बाळंत झाली म्हणून १४ एप्रिलला लिस्बनला मुलाकडे आले. व्हिसावर १२ एप्रिल ते २५ जून अशा तारखा आहेत, म्हणून परतीचे तिकीट २४ जूनचे काढले, फ्रँकफर्टमार्गे. काल मुलाने सहज पासपोर्ट चाळला तर त्याच स्टिकरवर ‘६० दिवस’ असेही लिहिलेले दिसले. आज १८ जून. भाचा म्हणतो, पासपोर्टवर शिक्काच नाही, कोण मोजतोय? शेजारची आपल्याकडचीच एक बाई म्हणते, तुमचा जन्म १९५८चा, तुम्ही पोर्तुगीजच. ओळखीचा एजंट म्हणतो, पासपोर्ट हरवला म्हणून सांगा. मला अटक होईल का? पेन्शन बंद होईल का?

उत्तर : बाई, आधी शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे देते, म्हणजे रात्री झोप लागेल. अशा थोड्या दिवसांसाठी पोर्तुगालमध्ये दंड होतो, तुरुंग नव्हे. आणि तिकडे जास्त दिवस राहणे हा भारतातला गुन्हा नाही, त्यामुळे तुमच्या पेन्शनला धक्का लागत नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला तेवढा वेळेवर द्या.

पण मुदत संपली आहे, हे खरे. स्टिकरवरच्या दोन तारखा म्हणजे व्हिसा वापरायची खिडकी. त्या खिडकीत किती दिवस राहायचे, ते ‘६०’ हा आकडा सांगतो. शेंगेन देशांच्या, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या, नियमानुसार एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसाच्या खिडकीत मंजूर दिवसांपेक्षा पंधरा दिवस जास्त धरतात, विमान पुढे-मागे झाले तर अडू नये म्हणून. १२ एप्रिल ते २५ जून मोजा, बरोबर पंच्याहत्तर भरतात. ही सवलत येण्याच्या तारखेसाठी आहे, राहण्यासाठी नाही. पोचल्याचा दिवसही हिशेबात धरतात आणि निघण्याचाही. एप्रिलचे १७, मेचे ३१, जूनचे १२. तुमचा साठावा दिवस १२ जून. आज सहावा दिवस वरचा.

ही चूक शिकलेली माणसे सर्रास करतात. ‘पासून-पर्यंत’ दिसले की डोळा तिसऱ्या आकड्याकडे जातच नाही.

आता तुमच्या तिन्ही सल्लागारांबद्दल. भाच्याला सांगा, १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने शिक्क्यांच्या जागी टप्प्याटप्प्याने संगणकी नोंद आणली आहे. शिक्का नाही याचा अर्थ नोंद नाही, असा नव्हे. उलट अधिकाऱ्याला पूर्वी शिक्के शोधून बोटांवर दिवस मोजावे लागत, ते काम आता यंत्र करते. एजंटाशी तर बोलणेच थांबवा. पासपोर्ट हरवल्याची खोटी तक्रार हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि व्हिसाच्या वेळी दिलेले तुमचे बोटांचे ठसे पासपोर्टाबरोबर हरवत नाहीत.

शेजारणीचे बोलणे अर्धे खरे, म्हणून जास्त धोक्याचे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना लिस्बनमध्ये जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्वासाठी दावा करता येतो. पण तो दावा तुम्ही केलेला नाही. तुम्ही भारतीय पासपोर्टावर, व्हिसा घेऊन तिथे आला आहात, आणि विमानतळावरच्या पासपोर्ट काउंटरवर तेवढेच बघतात. घाबरून आता ती प्रक्रिया सुरू करू नका. आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व जाते. बारा दिवसांची भानगड मिटवायला जन्माची भानगड ओढवून घेणारे पक्षकार माझ्या ऑफिसात येऊन गेले आहेत.

मग करायचे काय? तिकीट बदला, आजच. दंडाच्या हिशेबाने बघितले तर २० जूनला निघालात काय आणि २४ला निघालात काय, फरक नाही. पोर्तुगालच्या २००७च्या परदेशी नागरिक कायद्यात तीस दिवसांपर्यंतच्या जास्त वास्तव्याला ८० ते १६० युरो दंड आहे. फरक दुसरीकडे पडतो. कालपर्यंत ती चूक होती, कळल्यावरही थांबलात तर तो निर्णय होईल. तिकीट बदलल्याची तारीख हाच तुमच्या प्रामाणिकपणाचा पुरावा.

नवे तिकीट फ्रँकफर्टमार्गे अजिबात नको. लिस्बनहून फ्रँकफर्टला जाणे म्हणजे शेंगेनमधल्या शेंगेनमध्ये जाणे. तुमची बाहेर पडण्याची तपासणी जर्मनीत होईल, आणि तिथल्या कायद्यात परवानगीविना थांबणे हा फौजदारी गुन्हा ठरू शकतो. दुबई किंवा इस्तंबूलमार्गे मुंबई असे घ्या. म्हणजे तपासणी लिस्बनलाच होईल, पोर्तुगीज पोलिसांसमोर, जिथे मुलगा फोनवर आहे आणि शहरात वकील मिळतो.

मुलगा सुरक्षा तपासणीच्या पुढे येऊ शकणार नाही. काउंटरवर तुम्ही एकट्या असाल, म्हणून बोलायचे काम कागदाला करू द्या. मुलाकडून पोर्तुगीजमध्ये एक पान लिहून घ्या : मी अमुक तारखेला आले, स्टिकरवरची शेवटची तारीख हीच राहण्याची मुदत समजले, १७ जूनला चूक लक्षात आली, १८ला तिकीट बदलले, दंड भरायला तयार आहे. खाली सही. सोबत जुने तिकीट, नवे तिकीट, नातवंडाचा जन्मदाखला आणि मुलाचा राहण्याचा परवाना यांच्या प्रती. त्यात सुनेचे आजारपण, तुमचा रक्तदाब असले काही घुसडू नका. खरे कारण साधे आहे, ते साधेच राहू द्या. विमानाच्या चार तास आधी पोचा. न कळणाऱ्या कागदावर सही करायला सांगितले तर दुभाषा मागा. दंडाची पावती आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

मुदतवाढीचे म्हणाल तर, ती १२ जूनपूर्वी ‘आयमा’ या पोर्तुगालच्या स्थलांतर खात्याकडे मागायची होती. गंभीर वैयक्तिक कारण असेल तर तीस युरो शुल्क, आजारपणासारखे मानवतेचे कारण असेल तर निःशुल्क. आता नुसत्या चुकीसाठी त्या रांगेत उभे राहू नका. मात्र डॉक्टरनेच विमानप्रवास नाकारला असेल तर प्रश्न वेगळा. तसे असेल तर मुलाने तिथला वकील गाठावा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, ती तिकिटाच्याही आधी करा. व्हिसासाठी काढलेला तीस हजार युरोंचा प्रवासविमा काढून बघा, बहुतेक तोही साठ दिवसांचाच असेल. म्हणजे गेले सहा दिवस तुम्ही विम्याशिवाय जिन्यावरून चढउतार करता आहात. निघेपर्यंतचा विमा आजच घ्या. हाड मोडले तर त्या बिलापुढे १६० युरो चिल्लर वाटतील.

पुढच्या व्हिसाला अडचण येईल का? येऊ शकते. एवढ्या थोड्या दिवसांसाठी सहसा प्रवेशबंदी घालत नाहीत, पण नोंद काही वर्षे राहते आणि पणजीतल्या आल्तिनोवरच्या पोर्तुगीज वकिलातीत पुढच्या वेळी प्रश्न विचारतील. तेव्हा तेच पान, दंडाची पावती आणि बोर्डिंग पास अर्जासोबत आपणहून जोडा. उद्या लेकीकडे इंग्लंड-कॅनडाला जायचे ठरले तर तिथल्या अर्जातही पूर्वी कुठे मुदतीबाहेर राहिलात का, असे विचारू शकतात. ‘हो’ लिहा. खोटे ‘नाही’ उघडे पडले तर कॅनडा पाच वर्षे आणि इंग्लंड दहा वर्षे दार बंद करू शकते.

बोर्डिंग पास मुंबईला उतरल्यावर विमानातल्या खिशात विसरू नका. आणि पोचलात की सगळ्या कागदांची एक प्रत माझ्याकडे पाठवून द्या, फाइलला लावून ठेवते.