संध्याकाळी साडेपाचनंतरचा परदेश

"कंपनीच्या कामासाठी पाच-सहा महिने बाहेर आहे. काम नीट चाललंय, भत्ता मिळतो, राहायची सोय उत्तम आहे. तरी संध्याकाळ झाली की जीव कशात रमत नाही. घरी सांगितलं तर तिकडे काळजी करत बसतील. लोक अशी संधी मिळावी म्हणून धडपडतात आणि मी मात्र रडतोय. माझंच काही चुकतंय का?"

थोड्याफार फरकाने हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे नेहमी येतो, दिवाळीनंतर जरा जास्तच. विचारणारे बरेचदा चाकण, पिंपरी-चिंचवड, हिंजवडी या पट्ट्यातले असतात. कोणी यंत्र बसवून द्यायला गेलेला असतो, कोणी ग्राहकाच्या कार्यालयात ऑनसाइट. आधी उत्तर सांगते: तुमचं काही चुकत नाही, तुम्ही दुबळे नाही, आणि घरी सांगायला हवं. पण काय सांगायचं आणि कसं, हे कळायला एका कुटुंबाची गोष्ट उपयोगी पडेल. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ चाळिशीच्या अलीकडचे, वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात अभियंता. जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात सहा महिन्यांच्या कामावर सप्टेंबरात गेले. पुण्यात पत्नी, दुसरीतली मुलगी आणि आई. नोव्हेंबरच्या मध्यावर त्यांनी माझ्याशी व्हिडिओवर पहिल्यांदा बोलायला सुरुवात केली. "मॅडम, मला तसं काही झालेलं नाही, फक्त झोप लागत नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य.

झोपेबद्दल बोलण्याआधी मी त्यांना आठवडाभर एक टिपण ठेवायला सांगितलं. कामाची वेळ सोडून द्या, संध्याकाळी साडेपाच ते झोपेपर्यंत काय करता तेवढंच लिहा. बाहेरगावी राहणाऱ्या माणसाचा कामाचा दिवस बहुधा ठीक असतो. तिथे माणसं असतात, आपल्याला येणारी गोष्ट करायची असते, कोणीतरी नावाने हाक मारतं. अडचण त्यानंतर सुरू होते, आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नाही.

टिपण आलं. साडेपाचला खोलीवर. बाहेर काळोख. जेवण म्हणजे पाव, चीज, नाहीतर फ्रिजरमधला पिझ्झा. सोबत गोडा मसाला, मेतकूट, पोहे, सगळं नेलं होतं, पण पहिल्याच आठवड्यात फोडणीच्या धुराने छतावरचा धुराचा अलार्म ठणाणा वाजला, शेजारचे बाहेर आले, आणि त्या दिवसापासून त्यांनी कढई काढलीच नाही. सहा वाजता घरी व्हिडिओ कॉल. तो दीड-दोन तास चालायचा, त्यातला बराच वेळ कोणीच बोलत नसे. मग मोबाइलवर मालिका, रात्री दोनपर्यंत. रविवारच्या पानावर एकच ओळ होती: "आज दिवसभरात कोणाशी बोललो नाही."

जर्मनीतला रविवार माहीत नसलेल्यांसाठी सांगते. त्या दिवशी दुकानं कायद्यानेच बंद असतात. पेट्रोल पंप, रेल्वे स्थानकातली दुकानं आणि काही बेकऱ्या तेवढ्या उघड्या. आपल्याकडे रविवारी बाजार फुललेला असतो, तिथे गाव रिकामं होतं. घरातली माणसं घरात. ज्याचं घरच तिथे नाही, त्याने जायचं कुठे?

त्यात उजेडाचा प्रश्न. पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर, श्टुटगार्ट जवळजवळ ४९ अंशांवर. डिसेंबरात तिथे सूर्य आठनंतर उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. हे गृहस्थ अंधारात कामावर जायचे आणि अंधारात परतायचे. आपल्या झोपेचं आणि मनःस्थितीचं घड्याळ सकाळच्या उजेडावर चालतं. तेव्हा मी सगळ्यात आधी सांगितलं ते हे, की दुपारी जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं तरी उघड्यावर चालून या, ढग असले तरी. ढगाळ आकाशाखालचा उजेडही खोलीतल्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो. आणि मोबाइल पलंगापासून दूर ठेवा. हे उपाय साधे आहेत म्हणून लोक ते करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

पण त्यांना खरं काय लागलं होतं ते तिसऱ्या भेटीत बाहेर आलं. "मुलगी माझ्याशी बोलत नाही. कॉलवर येतच नाही. दीड महिन्यात ती मला विसरली."

मी विचारलं, कधीपासून? ते म्हणाले, दिवाळीच्या आसपास. मग आम्ही तारखा मांडल्या आणि कारण सापडलं. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात. त्याआधी जर्मनी आणि भारत यांच्यात साडेतीन तासांचं अंतर असतं, त्यानंतर साडेचार. म्हणजे संध्याकाळचे सहा वाजले की आधी पुण्यात साडेनऊ व्हायचे, आता साडेदहा. मुलीची शाळा सकाळची. साडेनऊला ती डोळे चोळत का होईना बाबाला भेटायची. साडेदहाला ती गाढ झोपलेली असायची, किंवा आईने मुद्दाम जागं ठेवलं तर चिडचिड करायची. यांनी आपला कॉल घड्याळाच्या त्याच आकड्यावर ठेवला होता. मुलीच्या दिवसातली बाबाची जागाच नाहीशी झाली होती, आणि त्याचा अर्थ यांनी "मी तिला नकोसा झालो" असा लावला.

हे ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझी साडेबाराची जेवणाची सुट्टी म्हणजे तिथे पाच."

पाच वाजता मुलगी शाळेतून येऊन, खाऊन, खेळायला जायच्या बेतात असते. त्या वेळेला पंधरा मिनिटं ठरली. मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पालकांना कळकळीने सांगावीशी वाटते. सात वर्षांच्या मुलाला पडद्यासमोर उभं करून "बाबांना सांग शाळेत काय झालं" असं म्हणू नका. त्याला काय सांगायचं ते सुचत नाही, मग तो "काही नाही" म्हणतो आणि पळतो, आणि तिकडे बापाच्या काळजाला घर पडतं. मुलं काहीतरी करता करता बोलतात. या दोघांनी सापशिडी सुरू केली. पट पुण्यात, बाबांची सोंगटीही तीच हलवायची. खेळता खेळता कोणाशी भांडण झालं, कोणाचा दात पडला, सगळं बाहेर येऊ लागलं.

पत्नीशी मी वेगळी बोलले. त्या थकल्या होत्या. "तो रोज दोन तास कॉल चालू ठेवतो. मी ओटा आवरते, डबे भरते, आणि तो बघत बसतो. फोन ठेवते म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. मला झोप येते हो." आणि मग हळूच: "आई बाथरूममध्ये घसरून पडल्या होत्या. मनगटाला प्लास्टर होतं. त्याला सांगितलं नाही. तिथून करणार काय तो?"

त्याला ते कळलं होतं. चुलतभावाने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर "काकूंचा हात कसा आहे?" असं विचारलं, तेव्हा. आणि त्यानेही कळल्याचं घरी सांगितलं नाही. दोघंही एकमेकांना जपत होती आणि त्यापायी एकमेकांपासून तुटत होती. रोज दोन तास कॉल चालू असूनही त्यांच्यात बोलणं उरलं नव्हतं, कारण बोलण्यासारख्या गोष्टीच दोन्हीकडून झाकून ठेवलेल्या. "जेवलास?" "हो." "थंडी आहे?" "आहे." खरं काही सांगायचं नाही असं ठरलं की एवढंच शिल्लक राहतं.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे करून मांडले. एक, जिवाभावाचं माणूस जवळ नसल्याचा. दुसरा, आपला गोतावळा, आपली रोजची चार माणसं नसल्याचा. वाइस यांचं महत्त्वाचं सांगणं असं की एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही. तहान लागलेल्याला पोळी वाढून भागत नाही, तसंच हे. हे गृहस्थ दुसरा एकटेपणा पहिल्या नात्यातून भागवू पाहत होते. गप्पांचा कट्टा, शेजारी, कामावरचे मित्र, चहाच्या टपरीवरचा वेळ, हे सगळं त्यांना एकट्या पत्नीकडून हवं होतं, तेही तिच्या रात्री साडेदहानंतर. ते तिच्याकडून होणार नव्हतं, कोणाकडूनच झालं नसतं.

म्हणून कॉल कमी केले. हे त्यांना सुरुवातीला क्रूर वाटलं. रोज रात्री दहा मिनिटं, आणि शनिवारी दुपारी निवांत तासभर. त्या तासात दोघांनीही एकेक खरी गोष्ट सांगायची, सुखाची असो वा त्रासाची. पहिल्या शनिवारी त्यांनी पत्नीला सांगितलं की आई पडल्याचं मला माहीत आहे. त्या रडल्या, मग भांडल्या, आणि ते भांडण मला फार आश्वासक वाटलं. बऱ्याच दिवसांनी ती दोघं खऱ्या गोष्टीवरून बोलत होती.

गोतावळ्याचं काम सावकाश झालं. सहकारी कामावर हसून बोलतात, पण पाच वाजता "चला" म्हणून निघून जातात, घरी बोलावत नाहीत, हा त्यांनी आपला अपमान मानला होता. तिथे कामाच्या ओळखीतून घरापर्यंत पोचायला बराच काळ लागतो. लोकांची जवळीक पुष्कळदा गावातल्या क्रीडामंडळांत आणि छंदमंडळांत जुळते, आणि अशी मंडळं लहानशा गावातही असतात. यांचा कॉलेजात टेबल टेनिसचा हात चांगला होता. गावातल्या मंडळात मंगळवारी सराव असायचा. भाषा येत नाही म्हणून ते कचरत होते, पण टेबलावर गुण मोजता मोजता जर्मन आकड्यांची उजळणी होतेच. डिसेंबरात मंडळाच्या लोकांनी त्यांना नाताळच्या बाजारात नेलं. मराठी माणसं शोधा, असंही मी सांगते, जरूर शोधा. पण फक्त तीच शोधली तर आठवड्यातले उरलेले दिवस पुन्हा रिकामे राहतात.

आणि स्वयंपाक. याला मी उपचाराइतकंच महत्त्व देते. आपल्या हातचं गरम खाणं आणि ते ताटात वाढून घेणं, यात स्वतःची किंमत ठेवणं आहे. खिडकी उघडायची, आच कमी ठेवायची, फोडणी पडली की लगेच झाकण. शनिवारी बाजार करायचा, कारण रविवारी मिळणार नाही, आणि रविवारी वरणभात-भाजी करून एका सहकाऱ्याला जेवायला बोलवायचं. त्यांनी आधी तमिळनाडूच्या एका सहकाऱ्याला बोलावलं. नंतर तो रसम घेऊन येऊ लागला.

आता तो प्रश्न, जो त्यांनी उशिरा विचारला: "त्या घरात मी आता कोण आहे?" पॉलीन बॉस या अमेरिकी संशोधिकेने व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा १९७०च्या दशकात अभ्यास केला. एखादं माणूस घरात धरायचं की घराबाहेर, हे ठरत नसेल तर सगळं कुटुंब ताणाखाली राहतं, असं त्यांना दिसलं. बेपत्ता सैनिकाच्या घरचं दुःख फार मोठं, त्याची इथे बरोबरी नाही. पण माणूस मनाने घरात आणि शरीराने दूर असला की हा गोंधळ लहान प्रमाणात होतोच. पैसे पाठवणारा पाहुणा, एवढीच त्याची भूमिका उरते. त्यावर उपाय म्हणजे घरातली एखादी खरी जबाबदारी दूर असलेल्याकडेच ठेवायची. यांच्याकडे महावितरणचं बिल, सोसायटीशी गळतीवरून चाललेला पत्रव्यवहार आणि आईच्या फिजिओथेरपीच्या वेळा ठरवणं, ही कामं आली. पत्नीचं ओझं उतरलं, आणि आई रोज "आज बोटं किती वळली" ते मुलाला सांगू लागली.

झोप जानेवारीत बरीच सुधारली. हे सगळ्यांच्या बाबतीत असंच होईल असं नाही. दिवसाचा बराच वेळ उदास वाटणं, कशातच गोडी न राहणं, हे सलग दोन आठवडे टिकलं, रोज दारूशिवाय झोप येईना, किंवा जगणं नको असे विचार येऊ लागले, तर मंगळवारच्या टेबल टेनिसने भागणार नाही, डॉक्टरांना भेटा. भारतात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तिथे घरच्यांनीही तुमच्यासाठी सल्ला घ्यावा. युरोपात तातडीला ११२.

मार्चमध्ये ते परतले, आणि पंधरा दिवसांत पती-पत्नी दोघं माझ्यासमोर बसली होती. मुलगी परवानगी आईलाच विचारते, भांड्यांची जागा बदलली आहे, मी काही सुचवलं की "आम्ही आता असं करतो" हे उत्तर मिळतं, अशी त्यांची तक्रार. पत्नीचं म्हणणं, सहा महिने मी एकटीने बसवलेली घडी हा आठवड्यात मोडायला निघाला. दोघांचंही खरं होतं. परतणाऱ्याने पहिला महिना घर कसं चालतं ते नुसतं बघावं, आणि घरच्यांनी त्याच्यासाठी रोजचं एक काम मोकळं करून द्यावं, असं मी सुचवलं. मुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडणं त्यांच्याकडे आलं.

पुढच्या वर्षी चेन्नईचं काम आलं, तीन महिन्यांचं. या वेळी होकार कळवण्याआधी दोघांनी जेवणाच्या टेबलावर बसून कागद केला: कॉल कधी, कोणती कामं कोणाकडे, महिन्यातून कोणत्या शनिवार-रविवारी यायचं, आणि घरात कोणी आजारी पडलं तर त्याच दिवशी सांगायचं. शेवटची अट आईंनी घालायला लावली.